अठराचा फरक

पाच वर्षांचे महिने किती, असं विचारलं तर शाळेतलं पोरही पटकन साठ म्हणेल. पण त्या मंगळवारी दुपारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत कॉम्प्युटरच्या पडद्यावर जे उमटलं ते पाहून भिंगबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत लावला. आकडा जागचा हलला नव्हता. एका ओळीत बारा पाच, मुंग्यांची रांग लागावी तसे.

"अगं बाई! पंचावन्न हजार कोटी महिने?"

खोलीतले सगळे मान वळवून बघू लागले. शिकवणारी मुलगी उठून त्यांच्या खुर्चीमागे आली. वय जेमतेम पंचवीस. पण वर्गात सगळ्यांना, अगदी सहासष्ट वर्षांच्या भिंगबाईंनाही, ती गृहपाठ द्यायची आणि तपासायची.

"मावशी, तुम्ही पाच लिहिलंत, ते यानं अंक म्हणून घेतलंच नाही. अक्षर म्हणून घेतलं. अक्षराला बाराने गुणलं की हा ते अक्षर बारा वेळा लिहून मोकळा होतो."

"म्हणजे अगदीच ठोंब्या की!"

"ठोंब्या नाही, सांगितलं तेवढंच ऐकणारा. हा आकडा आहे, असं आधी सांगायचं, मग गुणायचं."

भिंगबाईंनी वहीत तारीख घालून लिहून घेतलं: चूक पहिली.

भिंगबाई हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे, ते छापखान्यात पडलेलं. छत्तीस वर्षं त्यांनी एकाच छापखान्यात मुद्रितं तपासली. पाठ्यपुस्तकं, औषधांची माहितीपत्रकं, टेलिफोनच्या याद्या, कोर्टाच्या नोटिसा, जे छापायला येईल ते आधी त्यांच्या टेबलावर यायचं. अक्षरांचे खिळे जुळवणारे कामगार ओला कागद पुढे ठेवताना म्हणायचे, "घ्या, घाला भिंगाखाली." मालक गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगायचे, "आमच्या बाईंच्या हाताखालून मुंगी जाईल, चूक जाणार नाही." पुढे छापखाना बंद पडला, यंत्रं भंगारात गेली, बाई घरी बसल्या. पण डोळ्यांची खोड जाते थोडीच? दुकानांच्या पाट्यांवरच्या वेलांट्या त्या रस्त्यात उभ्या राहून सुधारायला सांगत. दवाखान्याच्या बिलातली बेरीज तिथल्या तिथे करून बघत. मुलगा आणि मुलगी दोघंही दूरच्या शहरांत. नवरा जाऊन एकोणतीस वर्षं झालेली. शेवटी मुलगीच फोनवर म्हणाली, "आई, लोकांच्या चुका काढून भांडणं ओढवून घेण्यापेक्षा वाचनालयात जा. तिथे प्रोग्रॅम लिहायला शिकवतात. तिथे चुका काढणं हेच काम असतं."

म्हणून त्या गेल्या. आणि रमल्या.

घरी नेमाने येणारं माणूस एकच, धाकटा भाऊ. दर रविवारी सकाळी नऊच्या ठोक्याला यायचा. हा मोठ्या इस्पितळात लिफ्ट चालवायचा. साठीला आला होता, तरी तिथल्या लोकांनी सोडला नव्हता. आला की गळका नळ बघ, बिजागरीला तेल घाल, दिवा बदल, असं काहीबाही करायचा, चहा प्यायचा आणि अकराला निघायचा. बोलायला गोड, कधी आवाज चढवायचा नाही. बहिणीचं म्हणणं खोडून काढायचा नाही. "ताई म्हणते ना, मग बरोबर," हे त्याचं ठरलेलं वाक्य. एके काळी तो पतपेढीत कारकून होता आणि आकडेमोडीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, हे आता फार थोड्यांना आठवत होतं. लग्न केलं नाही. म्हणजे एकदा ठरलं होतं, ते बारगळलं. त्यावर घरात बोलणं होत नसे.

तर वर्गात सगळ्यांना पहिला मोठा गृहपाठ मिळाला होता तो कर्जाच्या हप्त्याचा. मुद्दल, व्याजाचा दर आणि वर्षं विचारायची आणि महिन्याचा हप्ता किती ते सांगायचं. सूत्र फळ्यावर होतं. दिसायला सोपं, पण भिंगबाईंचा प्रोग्रॅम हात धुऊन त्यांच्या मागे लागला.

अक्षराचा अंक केला, तर मुद्दल घालताना यंत्र अडून बसलं. बाईंनी एक लाख लिहिताना स्वल्पविराम दिले होते. छत्तीस वर्षं आकड्यात स्वल्पविराम घातलेला हात, तो बिनस्वल्पविरामाचा लाख कसा लिहील?

"मावशी, स्वल्पविराम काढा."

"मी नाही काढणार. शुद्ध आहे ते. त्यालाच शिकव स्वल्पविराम गिळायला."

मुलगी हसली आणि तिने शिकवलं. आलेल्या मजकुरातून स्वल्पविराम आधी गाळायचे, मग आकडा करायचा. टक्क्याचं चिन्ह कोणी लिहिलं तर तेही गाळायचं. शून्य वर्षं किंवा उणे मुद्दल लिहिलं तर कोलमडून न पडता नीट सांगायचं, 'पुन्हा लिहा'. बाईंच्या वहीत चुकांची संख्या सातवर गेली.

मग आल्या सूत्राच्या चुका. एक लाख, पंधरा टक्के, पाच वर्षं घातली, तर महिन्याचा हप्ता आला सव्वा लाख!

"लाखाच्या कर्जाला महिन्याला सव्वा लाख? हा प्रोग्रॅम आहे की दरोडेखोर?"

दराला बाराने भागलं होतं, पण शंभराने भागायचं राहिलं होतं. ते केलं. आता उत्तर आलं १२४९. बाई खूश झाल्या. शेजारच्या शिंपीणबाईही म्हणाल्या, "जमलं की!" पण घरी जायला पिशवी उचलता उचलता बाईंच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यांनी कागदावर १२४९ ला साठाने गुणलं. पंचाहत्तर हजारही होईनात. व्याज तर सोडाच, मुद्दलही फिटत नव्हतं.

कंस राहिला होता. शेवटचा एक वजा करायचा, तो कंसात घेऊन; नाहीतर भागाकार आधी होतो आणि एक मागाहून वजा होतो. एवढ्याशा कंसाने पाव लाख गिळला होता.

त्या दिवशी शिकवणारी मुलगी वर्गाला म्हणाली, "सव्वा लाखाची चूक चांगली. ती ओरडते. १२४९ ची चूक वाईट. ती शहाण्यासारखी गप्प बसते. म्हणून शुक्रवारी प्रत्येकाने खात्रीची उत्तरं घेऊन यायची, बँकेचा कागद, जुना तक्ता, काहीही. पंचवीस ठिकाणी पडताळून बघायचं."

खात्रीची उत्तरं! भिंगबाईंना हसूच आलं. त्यांच्या कपाटात हप्त्यांच्या तक्त्यांची आख्खी पुस्तिका होती, त्यांच्याच छापखान्याने छापलेली. आसपासच्या साऱ्या पतपेढ्या आणि हप्त्याने माल देणारे दुकानदार वर्षानुवर्षं तिच्यावर चालले होते. शेवटच्या पानावर बारीक टाइपात बाईंचं नावही होतं, मुद्रितशोधन म्हणून. तेवढ्यासाठी त्यांनी ती जपून ठेवली होती.

शुक्रवारी त्या पुस्तिका घेऊन बसल्या. बारा टक्के, पाच वर्षं: यंत्र म्हणालं २२२४, पुस्तिका म्हणाली २२२४. अठरा टक्के, पाच वर्षं: २५३९, इकडेही २५३९. पंधरा टक्के, चार वर्षं: २७८३. बाई प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने बरोबरची खूण करत खाली खाली येत होत्या. जुनं काम पुन्हा हाती आल्यासारखं वाटत होतं.

पंधरा टक्के, पाच वर्षं. यंत्र म्हणालं २३७९. पुस्तिकेत होतं २३९७.

बाईंनी पुन्हा आकडे घातले. २३७९. कंस तपासले. भागाकार तपासला. प्रोग्रॅम बंद करून परत सुरू केला. २३७९.

"पोरी, इकडे ये गं जरा. माझ्या सूत्रात अजून काहीतरी मेख आहे. एकच ओळ चुकतेय."

मुलीने वाकून पाहिलं. वरच्या ओळी पाहिल्या, खालच्या पाहिल्या. "मावशी, सूत्र चुकलं असतं तर सगळ्या ओळी चुकल्या असत्या."

"मग?"

"मग पुस्तक चुकलंय. हे बघा ना, सात आणि नऊ उलटसुलट झालेत. छापताना झालं असेल."

बाईंना ते ऐकू आलं, पण डोक्यात शिरलं नाही. "या पुस्तकात चूक नसते," त्या म्हणाल्या. आवाज स्वतःचाच, पण कुठूनतरी लांबून आल्यासारखा.

मुलीने त्यांना प्रोग्रॅममध्ये आणखी चार ओळी घालून दिल्या. महिन्यामागून महिना व्याज चढवायचं, हप्ता वजा करायचा आणि साठाव्या महिन्याला काय उरतं ते छापायचं. २३७९ घातले तेव्हा खात्यात नावालाही काही उरलं नाही. २३९७ घातले तेव्हा कर्जदाराने सोळाशेच्या आसपास जास्त भरले होते. लाखामागे.

"बघितलंत? महिन्याला अठराचा फरक," मुलगी सहज म्हणाली आणि दुसऱ्या खुर्चीकडे गेली.

अठरा.

तो शब्द बाईंच्या कानावर पडला. पेन्सिल टेबलावरून घरंगळून खाली पडली, ती उचलायचं भान राहिलं नाही. शिंपीणबाईंनी विचारलं, "काय हो, बरं वाटत नाही का?" बाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. एकतीस वर्षांपूर्वी हाच आकडा त्यांनी ऐकला होता. छापखान्याच्या दारात, भर दुपारी.

तेव्हा भाऊ एकोणतिशीचा होता. पतपेढीत कर्जाचे हप्ते तोच बघायचा. पुस्तिका होतीच, पण याला सवय, प्रत्येक ओळ एकदा स्वतः मांडून बघायची. त्यात त्याला आढळलं की पंधरा टक्के, पाच वर्षं या ओळीत अठरा जास्त घेतले जाताहेत. त्याने चिटणिसांना तोंडी सांगितलं. ते हूं म्हणाले. तेव्हापासून तो त्या ओळीच्या कर्जदारांच्या पुस्तकात २३७९ लिहू लागला. दीड वर्षाने हिशेब तपासनीस आले. त्यांनी पुस्तिका उघडली आणि बोट ठेवलं: पंचेचाळीस सभासदांकडून दरमहा कमी वसुली. चिटणिसांनी कानांवर हात ठेवले. "मला कोणी काही सांगितलं नाही."

भाऊ धावत छापखान्यात आला होता. हातात कागद, त्यावर पेन्सिलीने केलेली साठ ओळींची आकडेमोड.

"ताई, एकदाच मूळ प्रत काढून बघ. अठराचा फरक आहे. माझी नोकरी जाईल गं."

आणि भिंगबाई काय म्हणाल्या होत्या? शब्द न् शब्द आठवत होता. "तुझ्या पेन्सिलीपुढे छापलेलं खोटं होय रे? मी तपासलंय ते पुस्तक. उगाच शहाणपणा करून बसलास, आता निस्तर."

दुसऱ्या दिवशी पतपेढीचं पत्र मालकांकडे आलं. मालकांनी हाक मारली, "बाई, तक्त्यात चूक आहे का?" बाई म्हणाल्या, नाही. "मग द्या लिहून." बाईंनी उभ्या उभ्या दोन ओळी लिहिल्या: 'सदर पुस्तिकेत मुद्रणदोष नाही. मूळ प्रतीशी पुन्हा ताडून पाहिले आहे.' आणि सही ठोकली.

पुन्हा ताडून पाहिले आहे! मूळ प्रत मागच्या खोलीत फडताळावर होती. वीस पावलांवर. त्या उठल्याही नव्हत्या.

भावाची नोकरी गेली. तीन महिन्यांचा पगार पतपेढीने नुकसानीपोटी कापून घेतला. कमी हप्ता लावायचे याला सभासदांकडून पैसे मिळत असणार, अशी कुजबुज झाली. ती कुजबुज मुलीकडच्यांच्या कानावर गेली आणि ठरलेलं लग्न मोडलं. दुसरी कारकुनी कोणी देईना. दोन वर्षं हिंडल्यावर इस्पितळात लिफ्टवर लागला. "आता माझं सगळं गणित सहा मजल्यांत," असं हसून म्हणाला होता. बाईही तेव्हा हसल्या होत्या.

त्या शुक्रवारी बाई घरी कशा पोचल्या हे त्यांना सांगता आलं नसतं. वाटेतल्या एकाही पाटीकडे त्यांनी पाहिलं नाही. शनिवारी चूल पेटवली नाही. पुस्तिका उघडायच्या, ओळ बघायच्या, मिटायच्या. मनात वेडी आशा की उघडल्यावर एखाद वेळी ७९ दिसेल. चूक खिळे जुळवणाऱ्याची होती की मूळ लिहिणाऱ्याची, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. प्रत कधीच रद्दीत गेली होती. सही मात्र एकाच माणसाची होती.

रविवारी नऊला भाऊ आला. चप्पल काढता काढता म्हणाला, "खिडकीची कडी बदलायची म्हणालीस ना? आणलीय."

"बैस आधी."

तिचा चेहरा पाहून तो बसला. बाईंनी पुस्तिका त्याच्यापुढे ठेवली, शेजारी यंत्रावरून छापून आणलेला साठ महिन्यांचा कागद ठेवला आणि ओळीवर बोट टेकवलं. "तू बरोबर होतास. २३७९. पुस्तकात चूक आहे. माझ्या पुस्तकात."

त्याने कागदाकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. शांतपणे म्हणाला, "हो. मला माहितेय."

"तुला ठाऊक होतं हे मला कळतंय रे. पण मला..."

"ताई, जाऊ दे ना. इतक्या वर्षांनी कशाला उकरतेस? तेव्हा तुझी काय अवस्था होती ते मी बघत नव्हतो का? भाऊजी अंथरुणाला खिळलेले, दोन पोरं लहान. चूक कबूल केली असतीस तर मालकाने तुला दारात उभं केलं नसतं. तू सही केलीस, ती पोरांच्या पोटासाठी केलीस. मी त्याच दिवशी स्वतःला समजावलं. राग नाही माझा."

 त्याचं बोलणं कळायला बाईंना क्षणभर वेळ लागला.

"म्हणजे... तुला काय वाटलं? मला चूक सापडली होती?"

"मग? मूळ प्रतीशी ताडून पाहिलं, असं तूच लिहिलं होतंस. पतपेढीत मला वाचून दाखवलं ते पत्र. तू पाहिलंस म्हणजे तुला दिसलीच असणार. तुझ्या डोळ्यांतून सुटते होय?"

"मी पाहिलंच नाही रे," बाई म्हणाल्या.

"काय?"

"मी मूळ प्रत काढलीच नाही. खुर्चीवरून उठलेसुद्धा नाही. माझ्या पुस्तकात चूक नसते, एवढंच डोक्यात. आणि लिहून दिलं की ताडून पाहिलं."

भावाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तीस वर्षं मऊ असलेला तो चेहरा बाईंच्या डोळ्यांदेखत दगडासारखा झाला. हातातली खिडकीची कडी त्याने टेबलावर ठेवली. 

"पाहिलंच नाहीस?"

"नाही."

"मी इतकी वर्षं म्हणत आलो, तिचा नाइलाज होता. आई जायच्या आधी तिलाही मी हेच सांगितलं, ताईला दोष देऊ नकोस, तिच्या गळ्यात फास होता." त्याचा आवाज चढला. बाईंनी तो चढलेला आवाज जन्मात ऐकला नव्हता. "आणि फास नव्हताच? नुसता आळस? नुसती घमेंड? एकदा उठून बघायला काय धाड भरली होती गं तुला?"

बाईंना वाटलं होतं, आपण कबूल करू, तो रडेल, आपण रडू, मन हलकं होईल. हे असं काही होईल, असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. त्याने मोठ्या पापाची क्षमा केली होती. या क्षुल्लक, बिनकारणाच्या चुकीची क्षमा त्याच्यापाशी नव्हती.

तो उठला, चप्पल घातली आणि गेला. दार त्याने आपटलं नाही. उघडंच टाकून गेला.

पुढच्या रविवारी नऊ वाजले, दहा वाजले, अकरा वाजले. कोणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही रविवारी नाही.

बाईंनी मग रडत बसण्याचं सोडलं आणि पतपेढी गाठली. आता तिथे काचेचं दार आणि गुळगुळीत फरशी होती. चिटणीस चाळिशीचा, चटपटीत माणूस. त्याने पुस्तिका आणि कागद बघितला आणि एकदम म्हणाला, "अरेच्चा! म्हणून होय?"

"म्हणून काय?"

"बारा वर्षांपूर्वी आम्ही कॉम्प्युटर घेतले. तेव्हा याच एका प्रकारच्या कर्जाचा हप्ता अठराने कमी यायला लागला. आम्हाला वाटलं, व्याजाची पद्धत बदलली असेल. सभासदही काही बोलले नाहीत. कमी झालेल्याची तक्रार कोण करतो?"

बाईंनी कपाळाला हात लावला. म्हणजे एकोणीस वर्षं लोकांनी जास्त भरले, मग एक दिवस आकडा आपोआप दुरुस्त झाला, तो दहा जणांच्या डोळ्यांसमोर झाला, आणि असं का झालं, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही! आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, तशातली गत.

"मला ती जुनी फाइल हवी," त्या म्हणाल्या. "माझ्या भावाची."

चिटणीस आधी का-कू करत होता. कार्यकारिणीला विचारावं लागेल, माळ्यावर असेल, उंदरांनी खाल्ली असेल. बाई रोज दुपारी जाऊन बाकावर बसू लागल्या. पाचव्या दिवशी शिपायाने धुळीने माखलेली फाइल आणून आपटली. कडा कुरतडलेल्या, पण आतले कागद शाबूत होते. तपासनिसांचा शेरा. भावाचा अर्ज, सुरेख अक्षरात, 'कृपया तक्ता पडताळून पाहावा' अशी तीनदा विनंती केलेला. आणि त्यामागे टाचलेलं ते पत्र. दोन ओळी. खाली त्यांची स्वतःची ठसठशीत सही.

पत्र आहे हे ठाऊक होतं, तरी बाईंनी ते तीनदा वाचलं. किती दिमाखात काढली होती सही! खाली रेघसुद्धा मारली होती.

तिथेच बाकावर बसून त्यांनी नवं पत्र लिहिलं. 'अमुक तारखेचे माझे पत्र खोटे आहे. मी मूळ प्रतीशी काहीही ताडून पाहिले नव्हते. तक्त्यातील ओळ चुकीची असून तुमच्या तेव्हाच्या कारकुनाचा हिशेब अचूक होता.' सोबत प्रोग्रॅमचा छापील कागद जोडला, प्रत्येक पायरी समजावून. चिटणीस म्हणाला, "बाई, तुमच्यावरच बालंट येईल की हो."

"येऊ दे. ते माझंच आहे."

दीड महिना गेला. कार्यकारिणीत दोन म्हातारे सभासद निघाले, त्यांना सगळं प्रकरण आठवत होतं. त्यांनीच लावून धरलं. शेवटी ठराव झाला. भावाच्या नावे दिलगिरीचं पत्र, कापलेला पगार व्याजासकट परत, आणि फलकावर तशी नोटीस. जास्त हप्ते भरलेल्या सभासदांचं काय, तो प्रश्न पुढच्या सभेवर गेला. त्याचा निकाल अजून लागलेला नाही. बाई मात्र त्या यादीचा हिशेब स्वतःच्या प्रोग्रॅमवर करून देताहेत. नावं जुनी, पुस्तकं फाटलेली. तरी एकेक ओळ दोनदा घालतात.

पत्र टपालाने जाणार होतं. बाईंनी ते मागून घेतलं आणि इस्पितळ गाठलं.

लिफ्टचं दार उघडलं तेव्हा आत भाऊ स्टुलावर बसलेला. बहिणीला पाहून तो दचकला, पण मागून चाकांची खुर्ची ढकलत एक परिचारिका आली, दोन नातेवाईक शिरले. बाईही शिरल्या आणि कोपऱ्यात उभ्या राहिल्या. तिसऱ्या मजल्यावर खुर्ची उतरली. चौथ्यावर नातेवाईक उतरले. दार मिटल्यावर बाईंनी लिफाफा पुढे केला.

त्याने चालत्या लिफ्टमध्ये वाचायला सुरुवात केली. पाचव्यावर एक डॉक्टर चढला, तसा कागद घडी घालून खिशात गेला. डॉक्टर खाली उतरल्यावर पुन्हा निघाला. तळमजल्यावर लोक वाट बघत होते, त्याने हात वर केला, "एक मिनिट थांबा, बिघाड आहे," म्हणाला आणि दार लावून घेतलं. लिफ्ट उभी. आत दोघंच.

वाचून झाल्यावरही तो कागदाकडेच बघत राहिला. मग भिंतीला डोकं टेकलं आणि त्याचे खांदे हलू लागले. बाई पुढे झाल्या, तसा तो मागे सरला.

"नको. हात नको लावूस," तो म्हणाला. "आई असती तर... तिला दाखवलं असतं मी हे." डोळे पुसून त्याने दार उघडलं. "जा तू. माझी ड्यूटी आहे."

बाई गेल्या.

त्यानंतर चार रविवार रिकामे गेले. पाचव्या रविवारी, नऊला नव्हे, साडेदहाला, तो दारात उभा होता. हातात काहीच नव्हतं. चहाला हो म्हणाला. अर्धा कप पिऊन झाल्यावर म्हणाला, "साखर किती घातलीस? पाक झालाय नुसता. कळत नाही का तुला, माझ्या वयाला चालत नाही इतकी?"

बाईंच्या ओठांवर आलं होतं की, गेली तीस वर्षं एवढीच घालतेय. ते गिळून त्यांनी साखरेचा डबा मागे सारला.

"आणि ते पंखे, किती धूळ साचलीय. सांगितलं तर ऐकायचं नाही कुणाचं."

तो बोलत सुटला. पंख्यावरून भिंतीच्या ओलीवर आला, ओलीवरून बाईंच्या हट्टी स्वभावावर. बाईंनीही दोन शब्द सुनावले, त्याने चार परत केले. आवाज एवढे चढले की शेजारीण दारातून डोकावून गेली. बारा वाजेपर्यंत दोघं भांडत होते. "ताई म्हणते ना, मग बरोबर," हे वाक्य त्याने एकदाही उच्चारलं नाही.

जाताना चप्पल घालत तो म्हणाला, "पुढच्या रविवारी येईन की नाही, सांगता येत नाही."

तो आला. हल्ली येतो तेव्हा भांडतोच. बाईंना त्याचा त्रास होतो, रक्तदाब वाढतो, डॉक्टर रागावतात. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, मामाला सांग ना, इतकं चिडू नकोस म्हणून."

"अजिबात सांगणार नाही," बाई म्हणाल्या. "चिडू दे त्याला."